'फायर'ची कुळकथा सांगणारा कोश

इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हवीच. डग्लस हार्पर या अमेरिकन माणसाने चिकाटीने उभारलेला हा व्युत्पत्तिकोश, म्हणजे शब्दांची मुळं सांगणारा कोश, २००१पासून इंटरनेटवर आहे आणि वाचायला फुकट आहे.

दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, बंदूकही फायर करतात आणि माणसाला नोकरीवरून काढतात तेही फायर, असं का?" मधल्या सुट्टीत 'फायर'ची नोंद काढली. बंदुकीचा अर्थ १५२०च्या दशकातला. तेव्हा दारूला खरोखरच विस्तव लावावा लागे. आपणही 'तोफेला बत्ती दिली' म्हणतोच की! नोकरीचा अर्थ मात्र १८७०च्या दशकातला, अमेरिकेतला. 'डिस्चार्ज' म्हणजे बंदूक झाडणं आणि कामावरून कमी करणंही. त्या दोन अर्थांवरची ती कोटी असावी, असं कोश म्हणतो. 'असावी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. जिथे खात्री नाही तिथे हा कोश ठामपणे बोलत नाही.

हे झालं क्रियापदाचं. 'फायर' या नामाच्या नोंदीत खरा खजिना आहे. मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या भाषांच्या तर्काने मांडलेल्या पूर्वज भाषेत, विस्तवाला दोन शब्द होते असं दिसतं. एक निर्जीव पदार्थ म्हणून. त्यातून ग्रीक 'पीर' आणि इंग्रजी 'फायर' आले. दुसरा सजीव शक्ती म्हणून. त्यातून लॅटिन 'इग्निस' आणि आपला 'अग्नी'. म्हणजे 'इग्नाइट' हा आपल्या 'आगी'चा भाऊबंद, आणि 'फायर' वेगळ्या घरातला! हे फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वहीत उतरवून घेत होती.

'बॉनफायर'ही जरूर बघा. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात त्यातला 'बॉन' म्हणजे फ्रेंचमधला 'चांगला' असं दिलं होतं. पण मूळ शब्द 'बोन फायर', हाडं जाळायची आग.

उच्चार आणि वाक्यात उपयोग यांसाठी नेहमीचा शब्दकोश जवळ ठेवावा लागेल. मुलांना आधी दोन खुणा समजावून सांगा. शब्दाआधी तारका असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तर्काने बांधलेलं आहे. आणि नोंदीतलं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा.