मोडी कागदाच्या नावाखाली 16,500 रुपयांना लुबाडलं

घराण्याच्या जुन्या नोंदी शोधायला रेकॉर्ड रूमकडे निघाला असाल तर आधी हे वाचा. कचेरीबाहेरच्या बाकावर ‘मोडी वाचून देतो’ म्हणणारे एजंट कसे गाठतात, ते वेगळं सांगायला नको. मला पणजोबांची कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरातली नोंद हवी होती. त्यातल्या एकाने शोधाचे 5,000, लिप्यंतराचे 8,500 आणि आतल्या शिक्क्याचे म्हणून 3,000 असे 16,500 रुपये घेतले आणि हातात बनावट कागद ठेवला.

विश्वास का ठेवला म्हणाल, तर आतला कारकून त्याला नावाने हाक मारत होता. मला मात्र "रजिस्टरं जीर्ण झालीत, नंतर या" एवढंच उत्तर. आजोबांनंतर आमच्या घरात मोडी कुणाला येत नाही. नोकरी सांभाळून गावाकडे खेटे घालणाऱ्याने करायचं काय?

कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेल्या रेघांखाली मोडी अक्षर. सोबत देवनागरी लिप्यंतर. सन 1913, पणजोबांचं नाव, गावाचं नाव आणि पुढे ‘जिल्हा सिंधुदुर्ग’. तिथेच खटकायला हवं होतं! सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. 1913 साली आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात होतं, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. मी विचारलंही. तो शांतपणे म्हणाला, "काका, लिप्यंतरात आत्ताचा जिल्हा घालावा लागतो, नाहीतर अर्ज परत येतो." कुणालाही पटेल असंच उत्तर होतं. पुढे मोडी शिकवणाऱ्या एका बाईंना मूळ कागद दाखवला, तर त्यांनी बोट ठेवून वाचलं. मोडीतही ‘सिंधुदुर्ग’च.

लिप्यंतर नेहमी दुसऱ्याच माणसाकडून तपासून घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत.

कचेरीत गेलो तर म्हणे, "तो आमचा माणूस नाही." तुमच्या दारात, तुमच्या बाकावर, तुमच्या देखत बसतो ना? पोलीस ठाण्यात तास-दीड तास ताटकळत ठेवलं आणि मग ऐकवलं, "पैसे स्वखुशीने दिलेत, हे दिवाणी प्रकरण." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, असं म्हटलं तर "कायदा आम्हाला शिकवू नका." पैसे मोबाइलवरून दिले म्हणून सायबरकडे पिटाळलं. सायबरवाले म्हणतात, समोरासमोरचा व्यवहार, ठाण्यातच जा. सरकारी नोंदीची खोटी नक्कल बाजारात फिरते आहे, उद्या ती कुणाच्या वारस प्रकरणात किंवा जातपडताळणीत लागेल, आणि याचं कुणालाच काही नाही!

‘रजिस्टर मिळत नाही’ हे उत्तर तोंडी घेऊच नका. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. नक्कल खिडकीवरूनच घ्या, सही-शिक्क्याची.

तुम्हालाही असा कागद कुणी दिला असेल तर लाजून घरात ठेवू नका, तक्रार द्या. माझ्या एकट्याचा अर्ज दिवाणी म्हणून परत आला. दहा जणांचे अर्ज तसे परत पाठवता येणार नाहीत.