काचेची हंडी आणि निर्वात पंप (शाळेच्या प्रयोगशाळेसाठी): पाचपैकी चार तारे

या पंपाला कमी तारे देणाऱ्यांची एकच तक्रार दिसते: दाबाच्या तबकडीवरची सुई ७६० पर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतकी (पाऱ्याचे मिलिमीटर), जात नाही. दोष पंपाचा नाही. ही तबकडी बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवते. आमचा हिंगोली जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, त्यामुळे इथे हवेचा दाबच मुळात ७२० मिलिमीटरच्या आसपास असतो. सुई तिथे थांबली म्हणजे पंपाने काम चोख केले. पुणे याहून उंचावर, तिथे ती आणखी अलीकडे थांबेल.

मी नववीला विज्ञान शिकवतो. विद्युतघंटी स्पंजवर ठेवून हंडी झाकली, पंप लावला. टोला आपटताना दिसतोय, आवाज मात्र विरत गेला. ध्वनीला माध्यम लागते, प्रकाशाला लागत नाही, हे पोरांना एका नजरेत कळले. मग हंडीत ठेवलेल्या पेल्यातले साधे पाणी न तापवता, नुसता दाब घटवून उकळले. बाहेर काढून बोट बुडवल्यावर ते आधीपेक्षा गार लागते, तेव्हा वर्गात जो गलका होतो त्यासाठी तरी हा संच घ्यावाच. फक्त वाफ पंपात जाऊन तेल दुधाळ होते. या प्रयोगानंतर तेल बदला.

एक तारा कापला तो खोक्यावरच्या ‘संपूर्ण निर्वात’ या शब्दांसाठी. हजारावा भाग हवा उरली, तरी एका घनसेंटीमीटरात अडीचशे कोटी गुणिले एक कोटी इतके रेणू असतात. औंढा नागनाथजवळ ज्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची चार-चार किलोमीटरची नळकांडी येणार आहेत, तिच्या अमेरिकेतल्या नळ्यांत दाब वातावरणाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाइतका. तिथेही घनसेंटीमीटरला अडीचेक कोटी उरतातच.

“सर, तेही काढले तर?” एका मुलीने विचारले. तरीही विद्युतचुंबकीय क्षेत्रासारखी क्षेत्रे उरतात, आणि त्यांची किमान ऊर्जा शून्य नसते. १९४८ साली भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिर यांनी गणिताने दाखवले की निर्वातात अगदी जवळ ठेवलेले धातूचे दोन पत्रे एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॅमोरो यांनी ते बल नेमकेपणाने मोजले. असा प्रश्न वर्गातून यावा, यासाठीच मी हा संच मागितला होता.

घेताना हंडीला बारीक तडा नाही ना, ते उजेडात धरून बघा. रबरी कड्याला ग्रीस लावा, पंप चालू असताना मुलांना गॉगल द्या आणि तेलाची जास्तीची बाटली सोबतच मागवा.