नेब्युलायझरमधून अँटिबायोटिक: जेट मशीन घ्यावी की मेश?

ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन कफ साचण्याचा आजार) आहे, थुंकीच्या कल्चरमध्ये स्युडोमोनास हा जंतू परत परत येतोय आणि डॉक्टरांनी आता नेब्युलायझरमधून कोलिस्टिन किंवा टोब्रामायसिन लिहून दिलंय, त्यांच्यासाठी हे. माझ्या घरात दोन्ही मशिनी आहेत: जेट, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा नळीतून औषधाच्या कपात सोडून वाफ करणारी, आणि मेश, म्हणजे थरथरणाऱ्या बारीक जाळीतून वाफ करणारी.

आवाजात मेश जिंकते. लालबागच्या आमच्या खोलीत पहाटे कॉम्प्रेसर सुरू झाला की पोरगी डोक्यावर उशी ओढते आणि भिंतीपलीकडच्या काकू नळावर विचारतात, "आज मिक्सर लवकर लावलात?" मेश चालू आहे की बंद हेसुद्धा कळत नाही, वेळही कमी लागतो. नुसतं सलाइन नाहीतर साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) घेत असाल तर खुशाल मेश घ्या.

अँटिबायोटिकला मात्र माझं मन जेटकडे झुकतं. कोलिस्टिनची पावडर विरघळवताना व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, हलवली की फेस येतो, म्हणून ती हातात धरून हळूहळू गोल फिरवायची, आणि एवढं करूनही मेशची ती बारीक जाळी चोंदतेच. नवीन असताना झकास चालली, मग वाफ पातळ होत गेली आणि एका सकाळी मशीन चालू, पण वाफ नाही आणि निम्मं औषध तळाशी तसंच. आता छातीत गेलं किती? उरलेलं टाकून द्यायचं की नवीन व्हायल फोडायची? गोळी गिळली की गिळली, इथे मात्र दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने हाच हिशोब डोक्यात. डिस्टिल्ड वॉटर घालून चालवली की थोडे दिवस बरी, परत तेच. दुसऱ्या कंपनीची जाळी जास्त टिकतही असेल, मी आपला माझा अनुभव सांगतोय, पण जाळीचं हेड बदलायचं म्हटलं तर तेवढ्या पैशात जेटचे बरेच कप येतात.

जेटच्या कपातही तळाला थोडं औषध उरतं, पण ते धरूनच चालायचं, कप फडफडायला लागला की संपलं. धुवायलाही मला तोच सोपा वाटतो. उकळता येणारा कप बघून घ्या, आणि दोन घ्या, कारण जुलैमध्ये आपल्याकडे काहीच वाळत नाही आणि स्युडोमोनासला ओल फार आवडते. नळीत पाणी दिसलं तर कप काढून कॉम्प्रेसर थोडा वेळ नुसता चालवायचा, नळी आतून सुकते.

मेशच्या बॅटरीचं दुकानदार फार कौतुक करतात. मुंबईत लाइट जाते कधी? 12 ऑक्टोबर 2020 ला गेली होती ती अजून लोक सांगतात. गणपतीला कोकणात जाताना मात्र मेशच पिशवीत असते, तिथे लाइटचा भरवसा नाही, म्हणून ती विकलेली नाही.

एकच घेणार असाल तर जेट, आणि खाली एक जुनी गोधडी, आवाज थोडा दबतो, फक्त कॉम्प्रेसरची हवा आत घेण्याची जागा झाकू नका. पण आधी औषध कुठलं ते बघा. लायपोसोमल अमिकासिन हे अँटिबायोटिक ठरलेल्या लमिरा मशीननेच घ्यायचं असतं, तिथे आपल्या आवडीला वावच नाही. टोबी या टोब्रामायसिनच्या लेबलवर पारी एलसी प्लस हा जेटचा कप लिहिलाय. आणि पहिला डोस घरी घेऊ नका, काहींना लगेच धाप लागते, तो हॉस्पिटलमध्ये, आधी साल्ब्युटामॉल घेऊन, डॉक्टरांसमोर.