गाडीवरचा ३०० वॉटचा इन्व्हर्टर: पावसाळाभर वापरून

गाडीची बॅटरी बसली, म्हणून हे लिहितोय. श्रीवर्धनला पावसाळ्यात लाईट गेली की परत कधी येईल याचा भरवसा नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर इकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. आईला नेब्युलायझर लागतं, त्यासाठी गाडीच्या बॅटरीवरून २३० व्होल्ट देणारा हा इन्व्हर्टर घेतला.

ते काम त्याने चोख केलं. शंभर-सव्वाशे वॉट, पंधरा मिनिटं, म्हणजे बॅटरीतले जेमतेम तीन अँपिअर-अवर. लायटरच्या सॉकेटला आमच्या गाडीत १५ अँपिअरचा फ्यूज आहे, त्यावर दीडशे वॉटपर्यंत निभावतं. पूर्ण ३०० हवे तर थेट बॅटरीवरून जाड वायर, आणि बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज.

आता तक्रार. हा डबा बंद होतो १०.५ व्होल्टला. साडेदहा! भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ ला अर्धी झालेली असते, ११.८ ला जवळपास रिकामी. लोडवर व्होल्टेज थोडा खाली दिसतो हे धरूनही, खोक्यावरचं 'बॅटरी प्रोटेक्शन' बॅटरी संपल्यावर जागं होतं. रात्री टेबलफॅन आणि राउटर लावले, मिळून ६५ वॉट, म्हणजे सहा अँपिअरच्या वर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पहाटे उतरलेली, सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. त्या रात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली असती तर? शिवाय गाडीची बॅटरी अशी वारंवार तळापर्यंत उपसली की प्लेटांवर सल्फेट धरतं. बॅटरीवाला म्हणाला, डीप डिस्चार्ज वॉरंटीत बसत नाही. इन्व्हर्टरच्या सर्व्हिसवाल्याचं उत्तर: "सर, सगळ्यांचे साडेदहाच असतात." सगळ्यांचे असतात म्हणून ते बरोबर कसं? चार हजारांची बॅटरी माझी जाते.

हा इन्व्हर्टर मॉडिफाइड साइनवेव्हचा, म्हणजे त्याच्या विजेची लहर घरच्यासारखी गुळगुळीत (प्युअर साइन) नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. त्याबद्दल माझं मत मधेच बदललं. चार्जरना फरक पडत नाही, म्हणून सुरुवातीला पैसे वाचले असंच वाटलं. पण पंखा गुरगुरतो आणि नेब्युलायझरची मोटर घरच्या लाईटपेक्षा जास्त तापते. औषधाच्या मशीनला प्युअर साइनच घ्या, दुप्पट किंमत पडली तरी. राउटर मात्र इन्व्हर्टरवर लावूच नका. तो बहुतेक वेळा मुळात १२ व्होल्टचाच असतो, आधी २३० करून परत १२ करण्यात वीज फुकट जाते. इंजिन चालू असताना गाडीत १४ च्या वर व्होल्ट असतात, म्हणून मधे १२ चा कन्व्हर्टर हवा. लॅपटॉपला टाइप-सीचा कार चार्जर पुरतो.

इंजिन चालू ठेवायचं तर गाडी उघड्यावर, बंद शेडमध्ये कधीच नाही. आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज सोडू नका. तिच्या मोकळ्या पिनांत करंट असतो, आणि लाईट आली की २३० व्होल्ट उलटे इन्व्हर्टरमध्ये शिरतात.

आता बॅटरी ठरावीक व्होल्टला आली की इन्व्हर्टर तोडणारं वेगळं कटऑफ मॉड्यूल बसवून १२ व्होल्टवर सेट केलंय. नेब्युलायझर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतो, त्यामुळे त्याला काही सेकंदांचा डिले द्यावा लागला.