जीपची प्लॅस्टिकची टाकी आणि माझे अठरा हजार

जुन्या पेट्रोल जीपची पत्र्याची टाकी तळातून गंजली होती. दोनदा झाळून घेतली, तिसऱ्यांदा झाळणाऱ्यानेच हात जोडले. तेवढ्यात जीप मॉडिफाय करणारा एक मिस्त्री भेटला. "साहेब, प्लॅस्टिकची टाका. कंपनीच्या गाड्यांना आता तीच येते, गंजायचा प्रश्नच नाही." हे खरं आहे, म्हणून तर मी फसलो. साठ लिटरची काळी टाकी, वर परदेशी नावाचा स्टिकर, बसवून अठरा हजार.

पहिल्याच दिवशी पंपावर नोझल सारखं कट मारायला लागलं. पाच लिटर जाता जाईनात. पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, टाकीतली हवा बाहेर पडत नाहीये." मिस्त्रीला फोन केला तर, "झाकणाला भोक पाडलंय की!" चढाला त्याच भोकातून पेट्रोल उडायचं. हवेसाठी वेगळी नळी लागते आणि गाडी उलटली तर ती बंद करणारा व्हॉल्व्ह लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला असायला हवं होतं.

मग काटा. टाकी फुल्ल, काटा मेलेला. आधी टाकीत तरंगून काटा हलवणाऱ्या फ्लोटला अर्थिंग मिळायचं ते पत्र्याच्या टाकीतूनच. प्लॅस्टिक आलं की चॅसिसपर्यंत वेगळी वायर ओढावी लागते. पेट्रोल भरायच्या लोखंडी नळीलाही तशीच हवी, नाहीतर स्टॅटिकची, म्हणजे घर्षणाने साठलेल्या विजेची, ठिणगी पडायची भीती. ह्याने एकही ओढली नव्हती. भरताना काही झालं नाही, हे नशीब.

दीड महिन्यात शेडमध्ये पेट्रोलचा वास दाटायला लागला. गळती कुठेच नाही. वाकून बघितलं तर टाकीच्या बाजू टम्म फुगलेल्या आणि लोखंडी पट्ट्या प्लॅस्टिकात रुतलेल्या. मध्ये रबराची पट्टीसुद्धा नाही.

उतरवताना मेहुणा सोबत होता. तो प्लेटिंगच्या कारखान्यात आहे. त्याने किल्लीने काळा रंग खरवडला, खाली राखाडी निघालं. कोपऱ्यांवर बोट फिरवलं, तर रंगाखाली दोरीसारखा वेल्डिंगचा वळ. "दाजी, ही पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची शीट. आमच्याकडे ॲसिडच्या टाक्या करतात हिच्या!"

पेट्रोलची प्लॅस्टिक टाकी साच्यातून एकसंध निघते, ती पॉलिथिलीनची. कंपनीच्या बहुतेक टाक्यांत वाफ अडवणारा आणखी एक थर असतो. पीपीत पेट्रोल मुरतं आणि ती फुगते. हे मेहुण्याने मला पाच मिनिटांत सांगितलं. अठरा हजार मोजायच्या आधी त्याला एक फोन करायला काय झालं होतं, असं बायको अजून विचारते.

मिस्त्रीकडे गेलो. म्हणाला, "ॲसिड टिकतं त्यात, पेट्रोल काय चीज आहे?" पैसे मागितले तर म्हणाला, बिल दाखवा. बिलावर 'बॉडी काम' एवढंच लिहिलेलं. टाकीचा उल्लेखच नाही, आणि मीही घेताना वाचलं नव्हतं.

ती टाकी दोन महिने परसात उघडी पडून आहे. आत थेंब नाही, तरी दुपारी ऊन तापलं की तिला पेट्रोलचा वास येतो.