बाबांचा क्लिप प्लस आणि घरचा लिनक्स मिंट

बाबांना मोबाइलवर गाणं ऐकायचं नसतं. गवई समेवर यायला आणि कुणाचा तरी फोन यायला एकच गाठ पडते, हे त्यांचं म्हणणं. वय ७६. सकाळी फिरायला जाताना सदऱ्याच्या खिशाला अडकवता येईल आणि न बघता बटण दाबता येईल, एवढीच मागणी. एका मित्राच्या कपाटात सँडिस्कचा सान्सा क्लिप प्लस हा गाणी वाजवणारा छोटा प्लेअर पडून होता, तो मागून आणला. २००९ चं मॉडेल, आता बनत नाही, मिळाला तर जुनाच मिळेल. आकार काडेपेटीएवढा, मागे क्लिप, कडेला मायक्रोएसडी कार्डाची खाच.

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. त्यावरच ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधून बाबांच्या कॅसेटी उतरवून घेतल्यात. बऱ्याचशा मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी होणाऱ्या गाण्यांच्या. फाइली फ्लॅकमध्ये आणि काही ऑग व्हॉर्बिसमध्ये; एमपी३ सारखेच हे आवाजाच्या फाइलींचे प्रकार. क्लिप प्लस हे दोन्ही फॉरमॅट मुळातच वाजवतो, म्हणून तर तो निवडला. एमपी३ करत बसायला नको.

जोडला तर प्लेअर चार्ज व्हायला लागला आणि कॉम्प्युटर ढिम्म. अर्धा तास मी मिंटवर चिडलो. मग टर्मिनलवर एलएसयूएसबी ही यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड मारली, तर यादीत सँडिस्कचं नावच नाही. म्हणजे गोष्ट मिंटपर्यंत पोचलेलीच नव्हती. घोळ केबलचा निघाला. स्टँडजवळच्या दुकानातून आणलेली ती मिनी यूएसबी केबल नुसती चार्जिंगची होती: चार तारांपैकी विजेच्या दोन होत्या, डेटाच्या दोन नव्हत्याच. जुन्या कॅमेऱ्याची केबल लावली आणि लगेच दिसला. तुमचाही प्लेअर दिसत नसेल तर आधी केबल बदला, बाकी सगळं नंतर.

आता खरी मेख. प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टीम सेटिंग्जखाली यूएसबी मोड आहे: ऑटो डिटेक्ट, एमटीपी, एमएससी. एमटीपी ही मायक्रोसॉफ्टने आणलेली पद्धत. तिच्यात डिस्क कॉम्प्युटरच्या ताब्यात येत नाही. प्रत्येक फाइल प्लेअरकडे मागायची, तो देईल ती घ्यायची. लिनक्सवर लिबएमटीपी या सॉफ्टवेअरमुळे तेही जमतं, पण हे म्हणजे फडताळ आपल्याच घरातलं आणि किल्ली शेजाऱ्याकडे. एमएससी केलं की प्लेअर साधा पेनड्राइव्ह होतो. उघडा, फोल्डर करा, फाइली टाका. एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये जोडल्यावर दिसत नाहीत, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकायचं.

तरी काही फाइली जाईनात. त्यांची नावं बाबांनी दिलेली: ‘मिरज: यमन’, ‘मिरज: शुद्ध कल्याण’. लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कला हे चालतं, पण प्लेअरच्या फॅट फाइल सिस्टीमला (डिस्कवर फाइली ठेवायची ती एक पद्धत) नावात विसर्गासारखी ती दोन टिंबं वर्ज्य. प्रश्नचिन्हही वर्ज्य. सगळीकडे टिंबं काढून डॅश घातला. “अरे, गाणं ऐकायचंय का व्याकरण तपासायचंय?” असं बाबा म्हणालेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कॉपी संपल्याची खिडकी बंद झाल्याबरोबर केबल उपटली. दोन फाइली अर्ध्याच राहिल्या. चूक त्यांची नाही, मी सांगायला हवं होतं: लिनक्स आधी मेमरीत लिहून घेतो आणि प्लेअरवर सावकाश उतरवतो. इजेक्टचं बटण दाबून परवानगी येईपर्यंत थांबायचं. मी तर आधी मेमरीतलं सगळं लिहून टाकायला लावणारी सिंक कमांडही मारतो, सवयीने.

रिदमबॉक्स या लिनक्सवरच्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमधून गाणी भरायची असतील तर एक लहानशी युक्ती आहे. प्लेअरवर सगळ्यात वरच्या पातळीला एक रिकामी फाइल करायची. नाव इंग्रजीत ‘इज ऑडिओ प्लेअर’, सगळं लहान लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर, सुरुवातीला टिंब. ती दिसली की रिदमबॉक्स त्याला पेनड्राइव्ह न समजता प्लेअर समजतो. मला फाइल मॅनेजरच बरा वाटतो.

महिन्याभराने रॉकबॉक्स टाकलं. प्लेअरवरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारं हे मुक्तस्रोत फर्मवेअर २००१ मध्ये स्वीडनमधल्या काही हौशी मंडळींनी सुरू केलेलं. रॉकबॉक्स युटिलिटी लिनक्सवर चालते, काम काही मिनिटांचं. मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही. डावं बटण दाबून धरत प्लेअर सुरू केला की तेच उघडतं. रॉकबॉक्स मला हवं होतं ते सांध्यांसाठी. बडा ख्याल आणि छोटा ख्याल मी वेगळ्या फाइलींत कापलेत, पण गवई मध्ये थांबलेला नसतो. रॉकबॉक्समध्ये तो सांधा ऐकू येत नाही. शिवाय दीड तासाचं कीर्तन अर्ध्यावर सोडलं तर बुकमार्कने तिथूनच पुढे.

मेनू मात्र रॉकबॉक्सचा फारच लांबलचक आहे, आणि एक इंचाच्या पडद्यावर तो बाबांना वाचता येत नाही. म्हणून सगळी गाणी एकाच फोल्डरात, नावाआधी ०१, ०२ असे आकडे. त्यांना फक्त ‘पुढचं’ आणि ‘थांब’ लागतं. काल कार्ड भरायला घेतलं, तर मी खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, “इजेक्ट मी करू का?”