लालबागचं ईसीजी सेंटर: बरगड्या मोजून काढलेली पट्टी

गेल्या महिन्यात बाबांचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा कागदी पट्टीवरचा आलेख, दुसरीकडे काढला होता. घाईघाईत चिमटे लावले, पट्टी हातात दिली. बाबा रात्रभर झोपले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "लीड वन, म्हणजे दोन हातांमधली वीज दाखवणारी रेघ, अख्खी उलटी आलीय, दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झालेली दिसते. परत काढा."

म्हणून लालबाग मार्केटमागच्या गल्लीतल्या या तळमजल्यावरच्या सेंटरमध्ये गेलो. इथल्या ताईंनी बाबांना आधी पाच मिनिटं नुसतं बसवलं. पंखाही कमी केला, कारण अंग थरथरलं की स्नायूंची वीजही पट्टीवर उमटते. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवत बरगड्या मोजल्या. बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत हाडाच्या उजवीकडे व्ही वन नावाची वायर, डावीकडे व्ही टू. व्ही फोर पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली. एक फट चुकली तरी चित्र बदलतं, म्हणाल्या. छातीवर सहा आणि हातापायांना चार वायरी लावून बारा लीड, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणाऱ्या रेघा, मिळतात. उजव्या पायाची वायर फक्त अर्थिंगला.

बाबा गिरणीत फिटर होते. "शॉक नाही ना बसणार?" त्यांनी विचारलंच.

"काका, मशीन वीज सोडत नाही, तुमच्या हृदयाची वीज मोजतं."

पट्टी आल्यावर ताईंनी ती बाबांच्या हातात दिली. छोटा उंचवटा म्हणजे वरचे कप्पे, उंच टोक म्हणजे खालचे कप्पे आकुंचन पावायच्या आधीची वीज, त्यानंतरची लाट म्हणजे पुन्हा तयार होणं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, आणि १० मिलिमीटर उंची म्हणजे फक्त १ मिलिव्होल्ट. मिनिटात असे ३०० मोठे चौकोन सरकतात. दोन उंच टोकांमध्ये चार चौकोन, ३०० भागिले ४, मिनिटाला ठोके ७५. बाबांनी स्वतः मोजले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला. लीड वन या वेळी सरळ होती.

बसायला बाकडं एकच आहे, संध्याकाळी सहानंतर उभं राहावं लागतं. सकाळी जा. पट्टीची झेरॉक्स लगेच काढून ठेवा, तो कागद उष्णतेवर छापतो आणि पुढे पुसट होतो. आणि ताईंनी निघताना बजावलं ते इथेही लिहिते: ही पट्टी जेमतेम दहा सेकंदांची असते, बाकी वेळचं ती सांगत नाही. छातीत दुखत असेल तर इथे रांगेत थांबू नका, सरळ केईएम हॉस्पिटल गाठा.